ब्लाइंडमधली अठ्ठी

घरातला तंटा पोकरच्या टेबलावर मिटवायचा, ही सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. म्हणून त्या दुपारी कपडे बेतायच्या लांब टेबलावरचे कापड बाजूला सारून थोरल्याबाई आणि त्यांचे धाकटे दीर समोरासमोर बसले होते. पैशांऐवजी बटणे. ज्याची बटणे संपतील त्याने मधे ठेवलेली कपड्यांच्या कारखान्याची किल्ली विसरायची. पत्ते वाटायला धाकटी जाऊ.

"वहिनी, आता नातवंडांत रमा की!"

"भाऊजी, सुई ओवायला मीच शिकवलंय तुम्हाला. पत्ते बघा."

पत्ते पाहण्याआधीच बटणे टाकावी लागतात, ती ब्लाइंडची जागा. बाई तिथे आल्या की दीर शेवटच्या पत्त्यावर मूठभर बटणे आदळत. 'माझी बटणे हा उचलतो काय!' या संतापात बाईंनी दोनदा भलत्याच पत्त्यांवर तेवढीच बटणे टाकून डाव मागितला आणि दोनदा तोंडघशी पडल्या. होती ती आघाडी गेली, ढीग सारखे झाले.

आता पुन्हा ब्लाइंड. हातात चौकट अठ्ठी आणि इस्पिक सत्ती. टेबलावर दोघांच्या सामाईक पत्त्यांत बदाम बादशाह, बदाम तिर्री, किलवर अठ्ठी; म्हणजे बाईंची अठ्ठ्यांची जोडी. दिरांनी बटणे लावली, बाईंनी तेवढीच टाकली. चौथी चौकट दुर्री; दोघेही थांबले. पाचवी इस्पिक राणी. बाई थांबल्या, आणि दिरांनी अख्खा ढीग पुढे लोटला.

"टाका पत्ते, वहिनी. पूर्वीचा दम राहिला नाही तुमच्यात."

बाईंची कानशिले तापली. हात ढिगाकडे गेलाही, पण त्यांनी तो मागे ओढला. रागाने कातर चालवली की कापड वाया जाते, हे या टेबलावर त्यांनीच कितीजणींना सुनावले होते. ब्लाइंडची बटणे टेबलाची झाली. त्यांच्यापायी जीव टाकायचा नाही. हा माणूस जे सांगतो आहे ते पहिल्या पत्त्यापासून जुळते का, एवढेच पाहायचे. बादशाह असता तर हा अधाशी चौथ्या पत्त्यावर गप्प बसला असता? नुसत्या राणीवर कोणी सर्वस्व लावत नाही. खाली बदामाची दोन पाने, एका रंगाची पाच जुळायला हवे ते तिसरे आलेच नाही. आणि बाईंच्या हातात बदामाचे एकही पान नव्हते. मग हातात दोन बदाम धरून तिसऱ्याची वाट बघणारा हाच तर नव्हे? बादशाह-राणी दोन्ही असतील तर गेली किल्ली. जाऊ दे.

"मागते," आपला ढीग पुढे सारून बाई म्हणाल्या.

दिरांनी पत्ते उपडेच सरकवले. "घ्या. नशीब तुमचं."

"उताणे करा."

"आता कशाला, वहिनी…"

"मागितलेला डाव दाखवायचा असतो. ही रीतही मामंजींचीच. करा उताणे!"

बदाम गुलाम. बदाम नव्वी. जोडीसुद्धा नाही. धाकटी जाऊ मान खाली घालून पत्ते पिसू लागली.

बाईंनी बटणांना हातही लावला नाही. किल्ली तेवढी उचलली.

"नशीब म्हणालात ना? आता उठा, आणि ते कापड घडी घालून ठेवा. कडा जुळल्या पाहिजेत. मी उभी आहे इथे."