फुगलेलं टेबल

मोबाइलवर ‘सत्तर टक्के सूट, आज शेवटचा दिवस’ दिसताच मुलाने घाईघाईने सागवानी टेबल मागवलं आणि घरातलं जुनं भंगारात देऊन टाकलं. ते त्याच्या सुतार बाबांनी लग्नानंतर आईसाठी स्वतःच्या हाताने केलेलं होतं. कसली सूट नि कसलं काय! महिना उलटला तरी तो शेवटचा दिवस संपेना. सागवान म्हणजे भुशावर चिकटवलेला कागद. पाण्याच्या पेल्याखाली टेबल टम्म फुगलं. मुलगा मेल्याहून मेल्यासारखा झाला.

“झकास आहे रे,” बाबा फुगवट्यावरून हात फिरवत म्हणाले.

तेव्हापासून मात्र जेवताना ते पेला टेबलावर ठेवेनात. मांडीवर धरून बसायचे. थरथरत्या हातातून पाणी सांडलंच, तर स्वतःच्या अंगावर सांडून घ्यायचे.