तीन चिंचोके

मी एक जुना, पाच लिटरचा कुकर आहे. माझ्या पोटावर ठिपक्यांनी कोरलंय, 'साधनास, मामाकडून'. तिच्या लग्नात मी आहेर म्हणून केदारखेड्याला आलो. मित्रांनो, माझी शिट्टी तीन घरं पलीकडे ऐकू जायची, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

पण साधनाची लेक प्रिया त्याच शिट्टीला भ्यायची. शाळेच्या घंटेलाही भ्यायची. एकदा कान दाबून पलंगाखाली शिरली, की दिवसभर ना घास ना अक्षर. शेवटी साधनानं तिला घरीच शिकवायला घेतलं, आणि पहिल्याच दिवशी मला माळ्यावर टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं मी वरूनच बघायचो. खाली ज्वारीच्या पिठात अक्षरं गिरवली जायची, चिंचोक्यांनी बेरजा व्हायच्या.

एके दिवशी साधना नवऱ्याला म्हणाली, "ती आवाजाला न्हाई भेत. आवाज कव्हा येईल ते कळत न्हाई, त्याला भेती."

मला घासलं, नवं रबर घातलं. प्रियाच्या हातात तीन चिंचोके दिले.

"तीनच शिट्ट्या होतील, माय. एक झाली की एक वाटीत टाक. मंग मी गॅस बंद करते. भेऊ नको."

पोरगी दाराशी उभी राहिली. तिन्ही चिंचोके वाटीत पडले. तेवढ्यात साधनाला फोन आला, ती बोलत राहिली आणि चौथी शिट्टी झाली. मी तरी काय करणार, खाली जाळ होता. प्रियाचा हात रिकामा होता. ती पलंगाखाली गेली.

आठ दिवस ती स्वयंपाकघरात फिरकली नाही. साधना पलंगाशी जमिनीवर बसली.

"माझं चुकलं, माय. तीन म्हणले आन् माझंच ध्यान न्हवतं. आता तू बंद म्हण, मी बंद करते."

नवव्या दिवशी प्रिया आली. दोन शिट्ट्या झाल्या. एका हातानं कान दाबलेला, दुसऱ्यात शेवटचा चिंचोका. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "भेऊ नको. एकच राह्यली."

इतक्या वर्षांत मला असा धीर कुणी दिला नव्हता.

मित्रांनो, रबर वेळेवर बदला, शिट्टीचं भोक साफ ठेवा, हे कोणताही कुकर सांगेल. माझं एवढंच ऐका. घाबऱ्या लेकराला तीन म्हणालात, तर तीनच. आणि ते 'बंद' म्हणालं, की हातातलं काम टाकून आधी गॅस बंद करा.