न उलटलेलं पान

एफी गेडिसला परीक्षेचं वावडं होतं. बिस्किटांच्या कारखान्यात मुकादमीण व्हायची संधी आली, तीही तिने "आपल्याला नाही बाई तेवढं डोकं" म्हणून झटकून टाकली. ती अकरा वर्षांची असताना स्कॉटलंडमधल्या तिच्या वयाच्या सगळ्या पोरांची एकाच दिवशी बुद्धिमापन चाचणी झाली होती. मास्तरांनी तिचा पेपर वर्गासमोर धरून जाहीर केलं, "ही काही पुढे शिकायची नाही." मास्तरांचं ते वाक्य एफीने देववाक्य मानलं.

साठी उलटल्यावर मात्र ते भलतंच नडू लागलं. नवऱ्याची, हेक्टरची, नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. एकुलती एक लेक, कट्रीना, पार उत्तरेला मेंढ्या पाळून राहायची. तिथे बस जात नाही, आणि तिला आता दिवस गेले होते.

"तू शीक की गाडी," हेक्टर म्हणायचा.

"आणि लायसन्सची परीक्षा कोण देणार? मास्तर काय म्हणाले होते, ठाऊक आहे ना?"

"मास्तर कधीच वर गेले, एफी! भूत होऊन मागच्या सीटवर बसणार आहेत का?"

अशातच विद्यापीठातून फोन आला. त्या वेळच्या मुलांना शोधून त्यांची तीच चाचणी पुन्हा घ्यायची होती. उतारवयात बुद्धी किती टिकते ते बघायला. एफी नकोच म्हणत होती, पण हेक्टरने फोन हिसकावून "येतेय ती" सांगून टाकलं. आगाऊ माणूस!

चाचणी घ्यायला मोराग नावाची तरुण मुलगी होती. एफीने पहिलं पान भराभर सोडवलं, पेन्सिल खाली ठेवली आणि हाताची घडी घालून ताठ बसली.

"दमलात का, मिसेस गेडिस?"

"छे! पान उलटायला सांगशील म्हणून थांबलेय."

"ते सांगत नाहीत हो. आपलं आपण पुढे जायचं."

"असं कसं? न विचारता पान उलटलं की आमच्या शाळेत तळहातावर चामड्याचा पट्टा बसायचा."

बोलता बोलता एफीचा चेहरा उतरला. "अगं पोरी, तेव्हाही मी अशीच बसले होते. घंटा होईपर्यंत."

"म्हणजे तेव्हा मोजलं काय गेलं?"

"पट्ट्याची भीती! दुसरं काय? सगळी चाचणीच खोटी म्हणायची तुमची."

"खोटी नाही. तेव्हा जास्त गुण मिळालेले सरासरीने जास्त शिकले, जास्त जगले. पण ती झाली हजारोंची गोष्ट. एकट्या माणसाचं भविष्य त्यात वाचता येत नाही."

एफीला आधी रडू आलं, मग मास्तरांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. अर्ध्या कोऱ्या पेपरावर तिने अख्खं आयुष्य लिहून दिलं होतं! तिने डोळे पुसले आणि कुणालाही न विचारता पान उलटलं.

त्याच आठवड्यात तिने गाडीची शिकवणी लावली. लायसन्सच्या परीक्षेला मात्र तिने चौकात चुकीच्या बाजूला वळण घेतलं. बाहेर हेक्टर काठी टेकत उभा होता.

"काय झालं गं?"

"नापास," एफी ठणठणीत आवाजात म्हणाली. "पुढच्या महिन्याची तारीख घेऊनच आलेय. कट्रीनाला कळव, बाळाच्या बाप्तिस्म्याला आपण येतोय."