गादीची चड्डी

जिल्हा नवा होऊन तिसरा उन्हाळा चालला होता. लातुरात कचेऱ्या नव्या, साहेब नवे, पाट्यांचा रंगसुद्धा कोरा. पाणी मात्र जुनंच आणि तेही खाली खाली गेलेलं. गावोगावच्या हापशांवर माणसं लोंबकळत आणि हापशा मोडत. रेणापूरचा गुरुपादप्पा त्या दुरुस्त करी. राजदूत मोटारसायकलच्या टाकीवर पान्यांची पिशवी, हँडलला चामड्याच्या वॉशरांची माळ आणि रेणापूर ते मुखेड अशी बत्तीस गावं.

माणसांची त्याची नोंद पक्की असे. हापशी चालू व्हायच्या आधी चहा विचारणारं गाव आणि चालू झाल्यावर विचारणारं गाव, असे दोन रकाने. पहिल्या रकान्यात सहा गावं होती. त्यांतली दोन विचारून विसरणारी.

सध्या पंचाईत होती ती बुडाची. अहमदपूरच्या पुढं रस्ता म्हणजे नुसती गिट्टी. नवव्या गावापासून गुरुपादप्पा उभ्यानं गाडी हाकू लागे आणि उभ्यानं गाडी हाकणाऱ्याचा दिवस लवकर संपतो. मागच्या आठवड्यात चार गावं राहिली. दुरुस्तीची कामं वाटणाऱ्या गुत्तेदार अण्णारावाचा मुखेडहून निरोप आला: "येत्या बाजारापर्यंत बत्तीसच्या बत्तीस झाली तर गुत्ता तुझा. न्हाई तर जीपवाला मिस्त्री दारात हुबा हाय."

ही बातमी उदगीरला कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या मेव्हण्यानं, मन्मथनं ऐकली आणि तो दोन चड्ड्या घेऊन हजर झाला.

"दाजी, हैद्राबादेत सायकलच्या शर्यतीवाले असली घालतेत. आतून गादी हाय. एक पातळ, एक जाड. कोणती ठेवता?"

गुरुपादप्पानं दोन्ही चिमटीत दाबून पाहिल्या आणि जाड उचलली. गादी घ्यायची तर अंग रुतलं पाहिजे, यात इचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी चाकूरपर्यंत तो जहागीरदारासारखा बसून गेला. अहमदपूरला गादीनं सगळा घाम पिऊन घेतला. जांबला उतरला तेव्हा पाय फाकून चालत होता आणि हापशीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या दिवशी सात गावं व्हायची ती पाचच झाली.

घरी शिवकांतानं नवऱ्याला खोबरेल तेलाची बाटली दिली आणि स्वतः चड्डी उलटी करून उजेडाला धरली. ती शिवणकाम करणारी बाई; दुखणं कुठलं का असेना, आधी कापड बघायची.

"हे बघा. शिवण कुठं हाय? ऐन मधोमध. आन गादी एवढी जाड, की गाडीच्या हिसक्यासरशी हिकडं-तिकडं सरकतीया. ही पातळ बघा, शिवण बाजूला, गादी हाडापुरती. हीच घ्यायची."

"पातळ ती पातळच की."

"जाड वॉशर घातला की पाइप घासतोय, आसं सगळ्या गावाला कोण सांगत फिरतंय?"

"ते हापशीचं झालं."

"आन हे कुणाचं?" मग तिनं आवाज बारीक केला. "आजून एक. आत लंगोट घातलाव का न्हाई?"

गुरुपादप्पा दचकला. पंधराव्या वर्षी तालमीत गेल्यापासून लंगोटाशिवाय त्यानं उंबरा ओलांडला नव्हता. लग्नात नाही, मयतीत नाही.

"घातलाय तर. गडीमाणूस हाय मी."

"तर ही चड्डी नुसत्या अंगावर घालायची असती. तुमच्या आन गादीच्या मधी लंगोटाची पट्टी दिवसभर करवतीवानी चाल्लीया."

"तालमीतले काय म्हणतील?"

"तालमीतले तुमच्या पँटीत बघाया येतेत व्हय? बरं, मला सांगा, वॉशरखाली फडकं घालून कधी बसवलाव का?"

 पाच वर्षांमागं चाकूरच्या एका मिस्त्रीनं वॉशरखाली फडकं कोंबलं होतं आणि गुरुपादप्पानं भर चावडीत त्याची अक्कल काढली होती. वॉशर नुसताच बसतो. मधे काही आलं की घडी पडते, घडी पडली की झीज. हे तर त्याचंच वाक्य.

सकाळी त्यानं पातळ चड्डी घातली आणि लंगोट खुंटीला ठेवला. सगळ्या रेणापुराला कळलंय असंच वाटत होतं. स्टँडवर पानवाला सहज म्हणाला, "का आप्पा, आज लई अवघडून चाल्लाव?" तर याचा हात आपोआप पँटीच्या पट्ट्यावर गेला.

चाकूर आलं तेव्हा त्याला कसनुसं वाटत होतं. अहमदपूर आलं तेव्हा तो एका हापशीच्या दांड्याचा विचार करत होता. जांबला पोचल्यावर ध्यानात आलं, की मधल्या तेवढ्या गिट्टीत बुडाची एकदाही आठवण झाली नाही. गुरुपादप्पाच्या मते औषध तेच, ज्यानं दुखण्याचा विसर पडतो. त्या दिवशी नऊ गावं झाली. दुसऱ्या दिवशी दहा.

बाजाराच्या दिवशी दुपारी तो मुखेडात शिरला. अण्णाराव लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता आणि शेजारी जीपवाला गावांची यादी पाठ करत होता.

"किती झाली, आप्पा?"

"तेहेतीस."

"गावं बत्तीस हायत."

"एक हापशी वाटंत व्हती, दुसऱ्या कुणाची तरी. कोरडी वरडून राहिली व्हती. बघवलं न्हाई, करून टाकली."

अण्णारावानं जीपवाल्याच्या हातातून यादी काढून घेतली आणि गुरुपादप्पाकडं दिली. "ही बत्तीस तुझीच. वर मुदखेडकडची आठ गावं हायत. घेतो का?"

"घेतो. पण जीप इकडच्या वाटंला दिसायची न्हाई."

"न्हाई दिसणार." अण्णारावानं त्याला खालून वर न्याहाळलं. हा माणूस दिवसातून आठ तास जीपमधे बसणारा. बुडाची पंचाईत त्यालाही होती. तो खुर्चीतच हळूच एका कुशीवर झाला. "खरं सांग आप्पा, मागं जांबला तुला धड चालाया येत नव्हतं म्हणं. केलं काय?"

गुरुपादप्पानं चड्डीचं सांगितलं. उदगीरचं दुकान सांगितलं, पातळच घ्या म्हणून निक्षून सांगितलं, शिवण कुठं असावी तेही सांगितलं. लंगोटाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही आणि तो जांबच्या रस्त्याला लागला.