बंद दाराची शिट्टी

दार उघडे असले की ध्वनिमुद्रण स्वच्छ येई. दार बंद केले की त्यात शिट्टी वाजे.

महाविद्यालयात तीस वर्षे भौतिकी शिकवून निवृत्त झालेल्या भाऊला ही गोष्ट चार दिवस छळत होती. घराची मागची खोली रिकामी करून त्याने थोरल्या बहिणीसाठी तिथे छोटे रंगमंदिर आणि चित्रीकरणाचा स्टुडिओ करायला घेतला होता. चाळीस वर्षे रंगमंच गाजवलेल्या आक्काच्या गुडघ्यांनी आता दगा दिला होता आणि नाट्यगृहाच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. तेव्हा वीस खुर्च्या मांडायच्या आणि तिचा एकपात्री प्रयोग इथेच चित्रित करायचा, असे ठरले. कॅमेरावाली शनिवारी, एकाच दिवसासाठी येणार होती. आज गुरुवार होता.

प्रयोगाच्या शेवटी तिकीटखिडकी कायमची बंद करणारी बाई अकरा सेकंद काहीच बोलत नाही. सारे नाटक त्या अकरा सेकंदांवर तोललेले होते, आणि शिट्टी नेमकी तिथेच उघडी पडे.

"नंतर संगणकावर पुसता येईल," भाऊ म्हणाला.

"पुसून मिळते ती शांतता नव्हे रे," आक्का म्हणाली. "ती आधी तिथं असावी लागते."

विधान शास्त्रीय नव्हते. पण भाऊ पुन्हा शिट्टीचा उगम शोधू लागला.

त्याचा पहिला संशय पंख्यावर होता. दिव्यांच्या उष्णतेने खोलीची भट्टी होऊ नये म्हणून बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा त्याने शेजारच्या कोठीत बसवला होता. पंखा बंद केला की शिट्टी थांबे, हे खरे. म्हणून त्याने पंखाच बदलला. शिट्टी राहिली. शिवाय दार उघडे ठेवले, तर चालू पंख्यातही ती ऐकू येत नसे.

खोलीचे दार बनवणाऱ्या सुतार मिस्त्रींचे निदान सोपे होते. "शिट्टी म्हणजे फट. आणि फट म्हणजे माझी अब्रू."

त्यांचे काम पाहून भाऊ मनातल्या मनात सलाम ठोकत असे. दोन फळ्यांमध्ये वाळू भरलेले ते अवजड दार एका बोटाने फिरे. चौकटीच्या चारही कोपऱ्यांत कागद सरकत नसे. तरीही मिस्त्रींनी रबराची आणखी एक पट्टी लावली. शिट्टी अधिक तीव्र झाली.

"मिस्त्री, तुम्ही काम जितकं सुधारता, तितकं ते बिघडतं."

"भाऊ, असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं!"

तोवर आक्का तालमीसाठी आत आली आणि दार ओढू लागली. ते मिटता मिटेना.

"मिस्त्री, हे तुमचं दार माझ्याशी भांडतं. शेवटचं बोटभर अंतर राहिलं की मलाच बाहेर ओढतं."

"आक्का, लोण्यासारखं फिरतंय ते!"

"तुमच्या मनगटाला लोणी. माझ्या मनगटाला विचारा."

मिस्त्री हसले, भाऊ हसला नाही. नाटकवाल्या बाईचे मनगट आपल्या सगळ्या उपकरणांहून संवेदनशील निघाले, हे त्याने निमूटपणे मान्य केले. दार बंद करून त्याने टिश्यूची चिंधी चौकटीच्या कडेशी धरली. खालच्या एका कोपऱ्यात ती दाराला चिकटून थरथरू लागली.

"मिस्त्री, दाराखाली फट का ठेवली नाहीत?"

"स्टुडिओच्या दाराखाली फट? लोक मला वेड्यात काढतील!"

"मी हिशेबात धरली होती."

"मग सांगायचं तरी!"

"दार म्हटलं की खाली फट असतेच, असं मी गृहीत धरलं."

"तुमच्या घरच्या दारांना असेल. माझ्या नाही," मिस्त्री म्हणाले, आणि करवत घेऊन कोठीत गेले.

शुक्रवारी संध्याकाळी भिंतीत हवा बाहेर जायला एक चौकोनी वाट निघाली. आवाज अडावा म्हणून मिस्त्रींनी आत तीन वळणे घातली होती आणि प्रत्येक वळणाला दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा चिकटवला होता. आक्काने दार एका हाताने सहज ओढून घेतले, तिकीटखिडकी बंद केली आणि गप्प राहिली. संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची रेषा अकरा सेकंद सपाट होती. रेषेकडे पाहणारा भाऊ सातव्या सेकंदाला तिच्याकडे पाहू लागला होता.

मग त्याने कारण लिहून ठेवले: पंखा खोलीत हवा भरत होता आणि तिला बाहेर पडायला वाट ठेवलेली नव्हती. ती दाराच्या कडेतून निसटत होती. कड जितकी घट्ट केली, तितकी हवा जोराने निघून शिट्टी वाढली. सुतारकामात दोष नव्हता. चूक हवेचा हिशेब करणाऱ्याची.