गोल मांडलेल्या खुर्च्या

आमच्या इलोइलोच्या गायकवृंदापुढे हात हलवणारा कुणी नसतो. आम्ही अर्धगोलात बसतो, डावीकडच्या पहिल्या खुर्चीत मानांग रोसाल्बा, आम्हा सगळ्यांची थोरली ताई. तिनं श्वास घेतला की आम्ही घ्यायचा, ती थांबली की थांबायचं. आमच्या आयुष्याचंही तिनं तेच करून ठेवलंय. "लग्न ना? कर की, इन्दाय. फक्त ही स्पर्धा होऊन जाऊ दे," असं ती दर वर्षी म्हणते आणि मी दर वर्षी "बरं, मानांग" म्हणते. समुद्रापलीकडे, बाकोलोदला, हर्नान वाट बघून वैतागला होता. "आज संध्याकाळच्या बोटीनं आलीस तर आलीस," सकाळी त्यानं फोनवर बजावलं. "नाहीतर बस त्या म्हातारीच्या मांडीवर."

आणि आजच दुपारी आमचा गाणी रचणारा दादा, मानोंग आर्सेनिओ, याचं नवं गाणं होतं. गाणं कसलं! शब्द नाहीत, चाल नाही. नुसते हुंकार, कुजबुज, दातांतून सोडलेली हवा. शेवट असा, की डावीकडचा थांबला की मगच आपण थांबायचं; मानांगच्या डावीकडे कुणी नाही, म्हणून ती आधी थांबणार. तालमीत झकास जमलं होतं. पण ऐन कार्यक्रमाआधी मानोंगला काय सुचलं कोण जाणे, त्यानं खुर्च्या पूर्ण गोल मांडायला लावल्या. माझी शेवटची खुर्ची मानांगच्या डावीकडे येऊन चिकटली.

शेवट आला आणि कुणी थांबेचना. मानांग माझ्याकडे बघतेय, मी माझ्या डावीकडच्या पाब्लितोकडे, पाब्लितो त्याच्या डावीकडे. हुंकार चालूच. लोक आधी कौतुकानं बघत होते, मग काळजीनं बघायला लागले. माझा घसा कोरडा पडला. खिडकीतलं ऊन उतरत होतं, आणि बोट गेली म्हणजे हर्नान गेला. मला रडू यायला लागलं.

मी तोंड मिटलं. आता मानांगनं थांबायचं. पण पाब्लितो गात असताना मी थांबले, म्हणजे मी चुकले, असा तिचा हिशेब. डोळे वटारून ती हुंकारत राहिली, वर माझ्या मांडीला चिमटा काढला.

मग मी उठले आणि सरळ दाराबाहेर पडले. मानांगच्या डावीकडे कुणीच उरलं नाही. ती पुन्हा पहिली झाली आणि सवयीनं थांबली. तिच्यामागून एकेक आवाज विझत गेला. टाळ्या मला रस्त्यापर्यंत ऐकू आल्या.

बोटीत पाय ठेवते तोच मानांगचा फोन आला.

"इन्दाय, मानोंग रडतोय गं, आनंदानं! म्हणतो, खरा शेवट आज सापडला. एकीनं उठून निघून जायचं. त्यानं लिहूनसुद्धा टाकलं. पुढच्या महिन्यात मनिलाला कार्यक्रम!"

"मानांग, मी खरंच निघून आलेय. कायमची."

"तेच तर! असं दुसऱ्या कुणाला जमणारे का? उद्या पहिल्या बोटीनं ये, तालीम आहे."

बोट सुटली. पलीकडे धक्क्यावर हर्नान केस विंचरून उभा असणार.

"बरं, मानांग," मी म्हणाले.