जिप्सीला सापडलेला माणूस

जिप्सी चिखलात बसली ती उठेचना. ज्ञानेशने आधी हाक मारली, मग पट्टा हलकेच ओढला, शेवटी स्वतःच तिच्याशेजारी गुडघे टेकले. कुत्रीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हनुवटी पुढच्या पायांवर टेकवली.

"काय झालं, साहेब? लागलं का तिला?" भिकनने विचारलं. त्याचा आवाज धड फुटत नव्हता. दरड कोसळल्याचं कळून पाड्यावर पोचल्यापासून तो ढिगाऱ्यावर उभा राहून मुलीच्या नावाने ओरडत होता. आता घशातून नुसती हवा येत होती.

"लागलं नाहीये, दादा. मन मोडलंय तिचं."

भिकनला आधी ते कळलंच नाही. नाशिकहून आलेल्या शोधपथकातल्या या तरुण हवालदाराने जिप्सीला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. ती त्याच्याच हातून खायची, त्याच्याच आवाजावर उठायची. पथकातल्या बाकीच्यांना ती ओळखायची, इतकंच.

"हिला जिवंत माणूस शोधायला शिकवलंय," ज्ञानेश म्हणाला. "माणूस सापडला की ती भुंकते. माणूस बाहेर येतो, तिला कुरवाळतो. तिच्या लेखी काम म्हणजे एवढंच. इथं आल्यापासून ती ज्याच्यापाशी जाते, तो उठतच नाही. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय."

"मग आता?"

"मी सांगितलं तर ती शोधेल. पाय तुटेपर्यंत शोधेल. पण मन नसलं की नाक चालत नाही."

समोर पाड्याच्या जागी लाल मातीचा उतार होता आणि त्यात कुठेतरी त्याची पायल होती.

हरसूलच्या पलीकडच्या या पाड्यावर डोंगराचा कडा खाली आला तेव्हा भिकन नाशिकजवळ अंबडच्या कारखान्यात पाळीवर होता. बायको सरिता माहेरी गेली होती, भावाच्या बाळाला बघायला. पायल मात्र गेली नाही. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. सराव बुडवायचा नाही, म्हणून ती शेजारच्या काकीच्या भरवशावर मागे राहिली. काकी पहिल्याच दिवशी सापडली, गेलेली.

भिकनने जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता. आश्रमशाळेतल्या सरांनी पोरींच्या हातात बॉल दिला आणि पायल गोलात उभी राहू लागली, तेव्हापासून त्याला हे वेड लागलं. नाशिकला मॅच असली की पाळी संपवून तो न झोपता मैदानावर जायचा आणि थेट गोलाच्या मागे उभा राहायचा. नियम त्याला अर्धेमुर्धेच कळत, पण ओरडायला नियम कशाला लागतात? "पुढं ये, पायल! बघत काय बसली!" एकदा पंचाच्या आधी यानेच शिट्टी वाजवली, तेव्हा पंचाने त्याला मैदानाबाहेर काढलं. तो कुंपणापलीकडून ओरडत राहिला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर परदेशातल्या मॅच बघताना त्याला खेळाडूंची नावं उच्चारता येत नसत. तो एवढंच सांगायचा, "तो निळ्या कपड्यातला गोली बघा, आमच्या पायलवानी उडतो." सोबतचे हसायचे. त्यालाही हसू यायचं.

पायल चिडायची. "बाबा, तुम्ही येत नका जाऊ. पोरी माझी मस्करी करतात." पण मैदानात उतरली की आधी मागे वळून बघायची, बाबा आलाय का.

"यावर काही विलाज नाय का?" भिकनने विचारलं.

"एक आहे. कुणीतरी जिवंत माणूस लपतो आणि ती त्याला शोधते. काल आमच्यातला एक जण लपला. पण ती आम्हाला ओळखते. आली, हुंगलं, शेपूट काही हलली नाही. परका माणूस पाहिजे."

"मी लपतो."

"नको, दादा." ज्ञानेश उठून उभा राहिला. "तुमची पोरगी आत आहे. तुम्हाला तिथं झोपवायचं म्हणजे..."

"मी तरी हितं काय करतोय? नुसता उभाच हाय. लपवा मला."

पथकाच्या साहेबांनी आधी नाहीच म्हटलं. मग भिकनकडे पाहून त्यांनी मान फिरवली आणि दोघा जवानांना खूण केली. पडलेल्या गोठ्याच्या कडेला कुडाच्या मागे एक पोकळी होती. भिकन आत सरकून आडवा झाला. त्याच्यावर पत्रे आले, पत्र्यांवर फांद्या, पालापाचोळा. उजेड गेला.

आत ओल्या मातीचा आणि शेणाचा वास होता. पाणी कुठूनतरी झिरपून पाठीखाली येत होतं. बाहेर माती उपसणारं यंत्र घरघरत होतं ते एकाएकी लांब गेल्यासारखं वाटलं. पायल ओरडली असेल का? ओरडली असेल, तर कुणाच्या नावाने? त्याने डोळे मिटले. इतक्या दिवसांत प्रथमच त्याला वाटलं, कुणी येऊ नये. इथंच पडून राहावं, तिच्या जवळपास, तिच्याच मातीत.

मग पत्र्यावर नखं खरवडली. एकदा, पुन्हा. आणि जिप्सी भुंकली. असं भुंकली की पाड्यावरचं सगळं काम क्षणभर थांबलं. पत्रा बाजूला होताच तिने तोंड आत खुपसलं, त्याचे गाल चाटले, कान चाटले, डोळ्यांतलं पाणी चाटलं. भिकनने दोन्ही हातांनी तिची मान धरली. त्याला रडू फुटलं, पण आवाज नव्हता. कुत्रीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. माणूस हलत होता, उठत होता, तेवढं तिला पुरे होतं. ती मागे धावली आणि ज्ञानेशच्या छातीवर पाय टाकून उभी राहिली.

"शाबास माझी बाई, शाबास!" ज्ञानेश तिला दोन्ही हातांनी थोपटत होता. ढिगाऱ्याच्या कडेला बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी हे पाहिलं आणि काही न कळता त्याही हसल्या.

त्यानंतर जिप्सी शेपूट वर करून कामाला लागली. उताराच्या खालच्या अंगाला, ओहोळाकडे गेली. तिथे आत्तापर्यंत कुणी खणलं नव्हतं. उन्मळून पडलेल्या आंब्याच्या मुळांपाशी ती थांबली, गोल फिरली, पुन्हा हुंगलं. भुंकली नाही. शेपूट हळूहळू खाली आली. ती बसली आणि ज्ञानेशकडे बघत बारीक आवाजात कुंई कुंई करू लागली.

जवान हातांनी माती काढू लागले. आधी हात दिसला. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. सुरगाण्याच्या पोरींविरुद्ध एक गोल अडवताना ती मोडली होती, आणि हाड नीट बसलंच नव्हतं.

"माझीच हाय," भिकन म्हणाला.

जिप्सी जागची हलली नव्हती. तिची नजर ज्ञानेशवर खिळली होती. ज्ञानेशचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

भिकनने ते पाहिलं. "साहेब, तिला शाबासकी द्या."

"दादा, आत्ता कसं..."

"तिनं तिचं काम केलं. नाय दिली तर पुन्यांदा बसंल ती. अजून लोकं हायेत आत."

त्याने स्वतःच हात पुढे करून तिच्या डोक्यावरून फिरवला. पण कुत्री त्याच्याकडे बघेना. तिला एकाच माणसाचा शब्द हवा होता. ज्ञानेश खाली वाकला. "शाबास," तो म्हणाला. आवाज फाटला, तसा तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने, आनंद झाल्यासारखं, "शाबास माझी बाई!" जिप्सीची शेपूट जरा हलली. ती उठली. तो तिला घेऊन पुढच्या ढिगाऱ्याकडे निघाला. भिकनकडे वळून पाहायचा त्याला धीर झाला नाही.

जवानांनी पायलला वर काढून चादरीवर ठेवलं. भिकन तिच्या डोक्याशी बसला. केसांतली माती जेवढी निघाली, तेवढी त्याने बोटांनी काढली. मग एका जवानाला म्हणाला, "जरा बसता का हिच्यापाशी? एकटी नको."

वाचलेले लोक खालच्या गावच्या शाळेत होते. माहेराहून आलेली सरिता तिथे व्हरांड्यात खांबाला टेकून बसलेली असे. पहिले काही दिवस तो तसाच चिखलाच्या तोंडाने येताना दिसला की ती उठायची. आता उठत नव्हती, नुसती बघायची.

वाटेत हातपंप होता. भिकनने एका हाताने दांडा मारला आणि दुसऱ्या हाताने तोंडावरचा चिखल धुतला. कानांमागे धुतलं, मानेवर धुतलं. शर्टाच्या कोरड्या टोकाला तोंड पुसलं. शाळेच्या फाटकातून तो आत शिरला, तसं त्याचं धुतलेलं तोंड पाहून सरिता खांबाला धरून उभी राहिली.